चार वाजून बारा मिनिटं

१

चार नंबरच्या खाटेवरचे मास्तर गेले त्याला तीन दिवस झाले होते, आणि त्यांना कुणी मारलं हे अख्ख्या रुग्णालयाला ठाऊक होतं. त्यांच्या मुलीच्या मोबाइलने.

ही बातमी तळमजल्यावरच्या यंत्रदुरुस्तीच्या खोलीत पोचली ती सगळ्यात शेवटी. तिथे काम करणाऱ्या बाईला सगळे मीटरताई म्हणत, कारण तिच्या एप्रनच्या खिशात पेनाऐवजी विजेचा दाब मोजायचं मीटर असे. ती कमी बोलायची आणि बोलण्याआधी मोजायची. त्यामुळे लोक तिला जरा टरकूनही असत.

शुक्रवारी सकाळी अधीक्षकांनी तिला वर बोलावून घेतलं. टेबलावर दोन पानं टाचून ठेवली होती.

"उद्या अकराला समितीची बैठक आहे," अधीक्षक म्हणाले. "यंत्रतज्ज्ञ म्हणून तुमची सही हवी. वाचत बसायची तशी गरज नाही."

तिने वाचलं. मास्तरांना रक्तदाब टिकवून धरणारं औषध सिरिंज पंपातून चालू होतं. हा पंप म्हणजे वीतभर लांबीचं यंत्र. त्यात औषधाने भरलेली सिरिंज आडवी बसवायची आणि यंत्र तिचा दट्ट्या मुंगीच्या पावलाने पुढे सरकवत राहतं. मंगळवारी भेटीच्या वेळेत मुलीने बंदी मोडून खाटेशेजारी मोबाइल वापरला. तिच्या फोनमधल्या नोंदीनुसार संभाषण चार वाजून बारा मिनिटांनी सुरू झालं. पंपातल्या नोंदीनुसार पंप बंद पडला तोही चार वाजून बारा मिनिटांनी. पाच वाजून दहा मिनिटांनी मृत्यू. निष्कर्ष: मोबाइलच्या लहरींमुळे पंप बंद पडला. उपाय: बंदी आणखी कडक करावी.

"पंप कुठे आहे?" मीटरताईने विचारलं.

"माझ्या कपाटात, सील करून. सगळ्यांसमोर, उद्याच उघडायचा."

"नोंद कुणी वाचली?"

"मी. पडद्यावर पंप थांबल्याची ओळ दिसते ना? धडधडीत लिहिलंय. मिनिटाला मिनिट जुळतंय. अजून काय पुरावा हवा?"

नेमकं तेच तिला खटकलं होतं. भिंतीवरचं, मॉनिटरमधलं, लिफ्टच्या पाटीवरचं, अशी या इमारतीत चाळीसेक घड्याळं असतील. त्यांतली कुठलीही दोन मिनिटाला मिनिट जुळल्याचं तिने सात वर्षांत पाहिलं नव्हतं.

"सही उद्या करते," ती म्हणाली.

अधीक्षकांचा चेहरा उतरला नाही, पण आवाज उतरला. "मीटरताई, त्या मुलीने स्वतः कबूल केलंय. तुम्ही कुणाला वाचवायला निघालात?"

२

मुलगी तळमजल्यावर, कागदपत्रांच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसली होती. पस्तिशीची असेल. मांडीवर बंद फोन होता आणि तो तिने असा धरला होता, जणू कुणी तो तिच्याकडे सांभाळायला दिला असावा आणि न्यायला परत आलंच नसावं.

"मी यंत्रं तपासते," मीटरताई शेजारी बसत म्हणाली. "मंगळवारचं सांगाल?"

"किती वेळा सांगू? हो, नेला फोन. पर्समध्ये लपवून नेला. दारात ती पेटी आहे, तिच्यात टाकला नाही."

"का नेला?"

"दादासाठी." ती खिडकीकडे बघत राहिली. "तो लांब असतो. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. म्हणाला, बाबांच्या कानाला फोन लाव, दोन शब्द बोलतो. बाबा डोळे उघडत नव्हते, पण ऐकू येत असेल असं डॉक्टर म्हणाले होते. मी कानाला लावला. बोलून होतंय तेवढ्यात..." ती थांबली.

"तेवढ्यात?"

"मशीन ओरडायला लागलं."

मीटरताईने हातातली वही मिटली. हे अहवालात नव्हतं. "कुठलं मशीन? नीट आठवा."

"औषधाचं. छोटं. टीं टीं टीं करत होतं. सिस्टर धावत आल्या, बटण दाबलं आणि माझ्यावर डाफरल्या, 'फोन आधी बंद करा, बघा मशीन कसं ओरडायला लागलं!' मी लगेच बंद केला. आणि आवाज थांबला, ताई. तिथल्या तिथे थांबला." तिने पहिल्यांदा मीटरताईकडे पाहिलं. "दादा आला, पण माझ्याशी बोलत नाही. त्याला वाटतंय त्याच्या आवाजाने बाबा गेले. मला वाटतंय माझ्या हाताने. तुम्ही शिकलेल्या आहात. सांगा, आमच्यातलं कुणाचं खरं?"

मीटरताई आली होती ती तिच्या सुटकेची वाट शोधायला. फोन सुरू असताना पंप ओरडला होता. फोन बंद होताच गप्प झाला होता. आणि हे खुद्द आरोपीच सांगत होती.

३

खोलीत परतून तिने त्याच जातीचा दुसरा पंप काढला, सिरिंजमध्ये पाणी भरलं आणि स्वतःच्या फोनवरून यंत्राशेजारी बोलणं लावलं. पंप हातभर अंतरावर शांतपणे चालत राहिला. वीतभर अंतरावरही. तिने फोन पंपाच्या डोक्यावर ठेवला, तरी दट्ट्या आपला मुंगीच्या पावलाने पुढे. वीस वेळा करून पाहिलं. वीस वेळा काही घडलं नाही, याचा अर्थ एकविसाव्यांदा घडणारच नाही असा होत नाही, हे तिला कळत होतं. पण संशयाची दिशा बदलायला एवढं पुरे होतं.

मग ती अतिदक्षता विभागात गेली. दारावर ठळक पाटी होती: 'मोबाइल बंद ठेवा. मोबाइलमुळे जीवरक्षक यंत्रे बिघडतात.' खाली पेटी. सहा महिन्यांपूर्वी पाटी लागली तेव्हापासून डॉक्टर, सिस्टर, सफाईवाले, सगळ्यांचेच फोन त्या पेटीत पडत.

दुपारपाळीची सिस्टर औषधांची ट्रॉली लावत होती. तिने मीटरताईला पाहिलं आणि हात थांबवला नाही.

"आलात? मला वाटलंच. माझ्यावर खापर फोडायला कुणीतरी येणारच."

"बटण तुम्ही दाबलंत ना?"

"कुठलं बटण?"

"आवाज बंद करायचं."

बाटल्या एकमेकींवर आपटल्या. "दाबलं. मग? मॅडम, सहा खाटा, आम्ही दोघी, त्यात भेटीची वेळ. एक काका खाटेवरच बसलेत, एक काकू पेशंटला पाणी पाजतायत. त्यात हिचं फोनवर गुफ्तगू. मशीन ओरडलं, मी बघितलं, सिरिंज अर्धी भरलेली, नळी नीट. म्हणजे फोनमुळेच ना? दारावर लिहिलंय तसं."

"पडद्यावर काय लिहून आलं होतं?"

सिस्टरने ट्रॉली पुढे ढकलली. "वाचलं नाही. फोन बंद झाला, आवाज बंद झाला. वाचायचं काय?"

"आणि पंप? तो चालू होता का बंद?"

"हिरवा दिवा होता. की नव्हता... तुम्ही मला गोंधळवताय."

मीटरताई तिला सोडून मॉनिटरकडे वळली. खाटेजवळचे सगळे मॉनिटर टेबलावरच्या संगणकाला जोडलेले होते आणि जुनं सगळं त्यात साठून राहायचं. त्याची वेळ तिने भिंतीवरच्या घड्याळाशी आणि मनगटाशी ताडून पाहिली. बरोबर होती. मंगळवारची दुपार काढून ती आकडे उतरवू लागली. चार वाजता रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे दहा. सव्वाचारला एकशे बारा. साडेचारला एकशे नऊ. चार वाजून चाळीस मिनिटांपर्यंत तसाच. बेचाळीसला शहाण्णव. त्रेचाळीसला अठ्ठ्याहत्तर. पंचेचाळीसला पन्नास.

ती ते आकडे पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

"सिस्टर, हे औषध बंद केलं तर परिणाम किती वेळ टिकतो?"

"टिकतो कसला! सिरिंज बदलायला दोन मिनिटं जास्त लागली तरी प्रेशर गडगडतं. म्हणून तर आम्ही..." सिस्टरच्या हातातली बाटली तशीच राहिली. "थांबा. पंप चार बाराला बंद पडला म्हणतात ना?"

"म्हणतात."

"मग सव्वाचारलाच प्रेशर पडायला हवं होतं."

पण मास्तरांचं प्रेशर सव्वाचारला पडलं नव्हतं. साडेचारला मुलगी बाहेर पडली तेव्हाही औषध त्यांच्या अंगात व्यवस्थित जात होतं. म्हणजे पंप खोटं बोलत होता. किंवा त्याचं घड्याळ.

४

घड्याळ मागे असेल तर किती, ते तिने कागदावर मांडलं. पडझड सुरू झाली बेचाळीसच्या आसपास, म्हणजे औषध थांबलं त्याआधी दोन-तीन मिनिटं, म्हणजे चार एकोणचाळीस किंवा चाळीस. पंप म्हणतो बारा. फरक सत्तावीस मिनिटांचा, एखाद्या मिनिटाने इकडेतिकडे.

तर मग चार एकोणचाळीसला त्या खाटेशी कोण होतं? भेटीला आलेले नऊ मिनिटांपूर्वीच बाहेर गेले होते. दोन्ही सिस्टर तेव्हा दुसऱ्या टोकाला होत्या, असं पाळीच्या वहीत होतं. उरल्या सफाईच्या मावशी आणि त्या पाळीचा चष्मेवाला तरुण डॉक्टर.

मावशी धुण्याच्या खोलीत बादल्या उपड्या घालत होत्या. रुग्णालय बांधलं तेव्हापासून त्या इथे होत्या आणि पाच अधीक्षक त्यांच्या डोळ्यांदेखत येऊन गेले होते.

"मी काही केलं नाही," मावशी विचारण्याआधीच म्हणाल्या.

"कुणी म्हटलं तुम्ही केलं?"

"कुणी म्हणायच्या आत सांगितलेलं बरं. मास्तर गेल्यावर, सव्वापाचला, खाट आवरायला मी आले. तोवर त्या खाटेजवळ गेलेच नाही."

"आवरताना काय काय केलंत? एकेक सांगा."

"चादर काढली. नळ्या पिशवीत भरल्या. मशीन पुसलं. त्याची वायर खाली लोंबत होती, ती बोर्डात खोचली. बस."

मीटरताईच्या मनात पाल चुकचुकली. "वायर लोंबत होती? म्हणजे पंप विजेला लावलेलाच नव्हता?"

"नसेल. बोर्डात दुसरं होतं ना. ते काढून मी..." मावशींनी ओठ मिटले.

"दुसरं काय होतं, मावशी?"

"आयसीयूत फोनला बंदी आहे ना ताई?" मावशींनी बादली खळकन आपटली. "मग फोनचं चार्जर तिथे कसं असेल? नसेलच. मला वयामुळे दिसत नाही नीट."

"कुणाचं होतं?"

"ज्याचं होतं त्याला विचारा. मला निवृत्तीला आठ महिने राहिलेत."

५

चष्मेवाला डॉक्टर जिन्याखालच्या कोपऱ्यात भेटला. तीन दिवसांत त्याने दाढी केली नव्हती.

"मावशी बोलल्या," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

"काहीच बोलल्या नाहीत. म्हणून तर तुमच्याकडे आले. फोन कुणाचा?"

"कुणाचाच नाही." तो हसला, पण हसण्यात काही जीव नव्हता. "आयसीयूचा. सगळ्यांचे फोन पेटीत गेले तेव्हा मोठ्या डॉक्टरांना घरून बोलवायचं कसं हा प्रश्न आला. तेव्हा अधीक्षकांनीच एक ड्यूटी फोन दिला. बंदी असलेल्या खोलीतला एकमेव कायदेशीर फोन. पण तो चार्ज कुठे करायचा, हे कागदावर कुणी लिहिलंच नाही. टेबलावरच्या बोर्डात संगणक आणि औषधांचा फ्रीज. चार नंबरची खाट सगळ्यात जवळची, तिथला पंप काढायचा आणि फोन लावायचा. रोज दुपारी. सगळ्या पाळ्या तेच करतात."

"आणि पंप?"

"बॅटरीवर. तासभर फोन चार्ज झाला की परत लावायचा. मंगळवारी दीडच्या सुमाराला मी लावला आणि मला दोन नंबरवर बोलावलं. तिथून तिसरीकडे." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "विसरलो. साफ विसरलो. पण ताई, दीडपासून पावणेपाच म्हणजे तीन तास. पंप बॅटरीवर सहा तास चालतो. म्हणून मी स्वतःला सांगत राहिलो की माझ्यामुळे नाही, फोनमुळेच असणार."

"सहा तास कुणी सांगितलं?"

डॉक्टरने तिच्याकडे चमकून पाहिलं, जणू ती त्याची परीक्षा पाहत होती.

"पंपाच्या पाठीवर चिकटवलेलं आहे. 'बॅटरी सहा तास, तपासली.' खाली तुमची सही आहे."

जिन्यावरून कुणीतरी खाली उतरत गेलं.

पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट. अतिदक्षता विभागातला पंप सहा तास तपासायला मागितला की सिस्टर अंगावर येत. जादा पंप नव्हता. म्हणून मीटरताईने तो तासभर बॅटरीवर चालवला, बॅटरीच्या चित्रातली एकच रेघ कमी झाली, आणि कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा कागदावर उतरवून सही केली. मोजल्याशिवाय न बोलणाऱ्या बाईने न मोजलेलं लिहिलं होतं. आणि पंपाचं घड्याळ? ते वर्षातून एकदा लावायचं असतं. तिने लावलं नव्हतं. पंपाच्या घड्याळाकडे बघतं कोण?

डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, अहवाल तयार आहे. तुम्ही सही केली की मी सुटतो आणि तुम्हीही. मुलीला शिक्षा थोडीच होणार आहे? फोन वापरला म्हणून कुणी तुरुंगात टाकत नाही."

मीटरताईला बाकावर बसलेली ती बाई आठवली. तुरुंगात टाकायची गरज नव्हती, हे डॉक्टरला कसं समजावावं ते तिला कळेना.

"उद्या अकराला या," ती एवढंच म्हणाली. पण आपण उद्या काय करणार, हे तिलाही पुरतं ठाऊक नव्हतं.

६

समितीत पाच माणसं होती. अधीक्षक, दोन मोठे डॉक्टर, सिस्टर आणि चष्मेवाला. अधीक्षकांनी सील तोडून पंप टेबलावर ठेवला आणि अहवाल तिच्यापुढे सरकवला.

"आधी एक विनंती," मीटरताई म्हणाली. "पंप सुरू करून त्याच्यावरची वेळ वाचा. मग तुमच्या हातावरची."

अधीक्षकांनी वैतागून बटण दाबलं. "दहा वाजून एकेचाळीस मिनिटं." मग मनगट पाहिलं. पुन्हा पंप पाहिला. "अकरा आठ."

"सत्तावीस मिनिटं मागे. म्हणजे पंप बंद पडला तो चार बाराला नाही, चार एकोणचाळीसला. मुलीचं बोलणं संपून चोवीस मिनिटं झाली होती आणि ती खोलीतही नव्हती. मॉनिटरही तेच सांगतो, आकडे पुढे ठेवलेत. दोन बारा जुळले हा निव्वळ योगायोग. त्यांतलं एक बारा खरं नव्हतंच."

"पण मशीन ओरडलं होतं!" सिस्टर उसळली. "फोन चालू असताना. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"बरोबर ऐकलंत. पडद्यावर फक्त पंप थांबल्याची ओळ दिसते. बाकीच्या बघायला दुरुस्तीवाल्यांचा गुप्त आकडा टाकावा लागतो." तिने तो टाकला. "मी खरी वेळ करून वाचते. एक पस्तीस, बाहेरची वीज गेली. चार चौदा, बॅटरी संपत आली, इशारा. चार पंधरा, इशारा बंद केला. चार एकोणचाळीस, बॅटरी संपली, पंप थांबला. पाच सतरा, वीज आली."

तिने पंपाचा पडदा सगळ्यांकडे वळवला.

"तो आवाज फोनमुळे नव्हता. पंप सांगत होता की माझी बॅटरी संपतेय, मला विजेला लावा. त्याच वेळी सिस्टरनी आवाजाचं बटण दाबलं आणि मुलीने फोन बंद केला. आवाज थांबला तो बटणाने. दोघींना वाटलं फोनने. या पंपाचा हा इशारा एकदा गप्प केला की परत वाजत नाही, नुसता बारीक दिवा लुकलुकतो. शेवटचा भोंगा वाजायला तर बॅटरीत त्राणच उरलं नसेल. आणि प्रेशर पडल्यावर सगळे मास्तरांकडे धावले, पंपाकडे कुणी पाहिलं नाही."

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. "मी वाचायला हवं होतं."

"हवं होतं. पण दारावरची पाटी रोज सांगते की फोनमुळे यंत्रं बिघडतात. इतके महिने ती वाचल्यावर पडदा कोण वाचेल? समोर फोन होता, म्हणजे कारण समोर होतं."

"वीज कुणी काढली?" एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

चष्मेवाला उभा राहिला. "मी. ड्यूटी फोन चार्ज करायला." आणि मग त्याने मीटरताईकडे पाहिलं. पुढचं तो बोलणार नाही, हे त्या नजरेत स्पष्ट होतं. ते तिच्यावर सोडलं होतं.

अधीक्षकांनी घसा साफ केला. "ठीक आहे. डॉक्टरांचा विसरभोळेपणा. तेवढं लिहू. पण सहा तासांची बॅटरी तीन तासांत कशी संपली?" त्यांनी पंप उलटा केला, पाठीवरचा कागद वाचला आणि सावकाश मान वर केली. मग अगदी मवाळपणे म्हणाले, "मीटरताई, सगळ्यांच्याच दृष्टीने... आपला पहिला अहवाल तसा वाईट नव्हता."

खोलीतल्या सगळ्यांना ते पटायच्या बेतात होतं. ते तिला स्पष्ट दिसलं.

"बॅटरी मी तासभर तपासली आणि सहा तास लिहिलं," ती म्हणाली. "घड्याळ लावायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. डॉक्टर विसरले, पण सहा तासांच्या भरवशावर विसरले. तो भरवसा मी दिला होता. हे सगळं मी लिहून आणलंय. सही केलेली आहे." तिने खिशातून घडी काढून अहवालावर ठेवली.

अधीक्षकांनी घडी उघडली नाही. "म्हणजे आता काय, फोन सर्रास आत येऊ द्यायचे?"

"बंदीने फोन गेले नाहीत, नुसते दिसेनासे झाले. एक पर्समध्ये लपला, एक पंपाच्या जागी लपला. आत येऊ द्या, पण कुठे ठेवायचा, कुठे चार्ज करायचा ते ठरवून. खाटेपासून हातभर लांब. आणि पंपाच्या बोर्डात पंपाशिवाय काही लावायचं नाही."

"आणि तुमचं काय करायचं?"

"ते तुम्ही ठरवा," ती उठत म्हणाली. "मला आधी खाली जायचंय."

७

मुलगी त्याच बाकावर होती. कागद तिला मिळाले होते, तरी ती गेली नव्हती. घरी जायचं तर तिथे भाऊ होता, आणि तो तिच्याशी बोलत नव्हता.

मीटरताईने सगळं सांगितलं. प्लग, बॅटरी, सही, पाटी, बटण. मध्ये थांबली नाही, कुठला शब्द मऊ केला नाही. मुलगी ऐकत गेली. एकदाच तिने विचारलं, "म्हणजे मी बाहेर आले तेव्हा बाबा...?"

"तेव्हा ठीक होते. तुमचा दादा बोलत होता तेव्हाही. आकडे आहेत माझ्याकडे."

"मग फोनमुळे नाही."

"तुमच्या फोनमुळे नाही."

तिने डोळे मिटून घेतले. खिडकीतल्या कारकुनाने कुणाचं तरी नाव पुकारलं, कुणी उठलं, कुणी बसलं. मग तिने डोळे उघडले तेव्हा त्यांत काहीतरी बदललं होतं.

"बॅटरीवर सही कुणाची होती म्हणालात?"

"माझी."

"तुमची." ती उभी राहिली. तिचा आवाज चढला आणि बाकांवरची माणसं वळून बघू लागली. "तासभर बघून सहा लिहिले? माझे बाबा त्या यंत्रावर होते, बाई! चार दिवस मी माझा हात बघत बसलेय. माझा भाऊ आल्यापासून माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. आणि तुम्ही काल इथे, माझ्याच शेजारी बसून मला विचारत होतात, मशीन कसं ओरडलं!"

"काल मला ठाऊक नव्हतं."

"तुम्हाला ठाऊक असायलाच हवं होतं! दुसरं काय काम आहे तुमचं?"

मीटरताई मान खाली न घालता उभी राहिली. मुलगी बोलत होती, ओरडत होती, आणि चार दिवस स्वतःच्या छातीत उलटं रोवलेलं काहीतरी मुळासकट उपटून बाहेर टाकत होती. ते कुणावर तरी पडायला हवं होतं. ज्याचं होतं त्याच्यावर पडत होतं.

शेवटी ती दमली. दम लागलेल्या आवाजातच म्हणाली, "हे सगळं माझ्या भावाला सांगाल? असंच्या असं? मी सांगितलं तर तो म्हणेल, मी स्वतःला वाचवतेय."

"सांगेन."

"आत्ता?"

"आत्ता."

मुलीने पर्स उचलली आणि मागे न बघता दाराकडे निघाली. मीटरताई तिच्या पाठोपाठ बाहेर पडली.